कॉलेजसमोरचा झेब्रा हवाय, तर रस्ता अडवू नका, ओलांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका कॉलेजच्या फाटकासमोर दुभाजक असलेला मोठा रस्ता आहे आणि पलीकडे पीएमपी बसचा थांबा. रस्ता ओलांडायचा पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा होता, तो डांबरीकरणात गेला आणि परत आला नाही. मागच्या महिन्यात वर्गातल्या एका मुलीला दुचाकीनं उडवलं, पाय मोडला. निवेदनं देऊन झाली. आता काही मुलं रास्ता रोको म्हणतायत. बाकीच्यांना कुणाला त्रास न देता, पण सगळ्यांच्या नजरेत भरेल असं काहीतरी करायचंय. काय करावं, आणि पोलीस केस होईल का?

मी बरीच वर्षं या शहरात पादचाऱ्यांच्या प्रश्नावर काम करतोय, विद्यार्थ्यांबरोबर तर खूपच. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रास्ता रोको करू नका. तो गैर आहे असं मी म्हणत नाही, या राज्यात त्याला मोठी परंपरा आहे. पण तुमच्या मागणीला तो उलटा पडतो. अर्धा तास रस्ता बंद झाला की अडकलेला रिक्षावाला, डबा पोचवायला निघालेली बाई, बसमधले आजोबा, सगळे तुमच्यावर चिडतात. दुसऱ्या दिवशीची बातमी ‘वाहतूक कोंडी’ अशी येते आणि झेब्रा राहतो बाजूला. तुम्हाला रस्ता ओलांडता यायला हवाय ना? मग आंदोलनही रस्ता ओलांडण्याचंच करा. जिथे झेब्रा हवाय तिथे सगळ्यांनी मिळून, नियमानं, शांतपणे, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या वारी, पुन्हा पुन्हा ओलांडा. बघणाऱ्याला मागणी समजावून सांगावी लागत नाही, ती त्याच्या डोळ्यांसमोरच चाललेली असते.

पण त्याआधी दोन आठवडे मोजमापाला द्या. हा भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो. माझ्या अनुभवात मात्र अर्धी लढाई इथेच जिंकली जाते किंवा हरली जाते. ‘गाड्या फार वेगात येतात’ या वाक्याला कार्यालयात एकच उत्तर मिळतं, ‘बघतो’. आकडा असेल तर त्या कागदावर कुणाला तरी सही करावी लागते.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. पदपथाच्या कडेला टेपनं बरोबर ५० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना खडूची खूण करा. पहिल्या खुणेपाशी एक जण हात वर करेल, दुसऱ्या खुणेपाशी दुसरा मोबाईलचं स्टॉपवॉच धरेल. १८० ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. ५० मीटर ६ सेकंदांत गेलं तर वेग ३०, साडेचार सेकंदांत गेलं तर ४०, ३.६ सेकंदांत गेलं तर ५०. सकाळी कॉलेज भरताना आणि संध्याकाळी सुटताना, तीन-चार वेगवेगळ्या दिवशी मोजा. बस, मोटार, दुचाकी यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा. हाताच्या घड्याळात थोडी चूक राहणारच, म्हणून नोंदी भरपूर घ्या आणि सरासरीबरोबर सगळ्यात वेगवान वाहनांचे आकडेही द्या.

मग ओलांडण्याचा वेळ काढा. समजा रस्त्याची एक बाजू ९ मीटर रुंद आहे. तरुण माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, म्हणजे त्याला साडेसात सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ५० नं येणारी गाडी १०० मीटरहून जास्त अंतर कापते. म्हणजे शंभर मीटर रस्ता मोकळा दिसला तरच त्यानं पाऊल टाकावं. गुडघे दुखणाऱ्या आजी सेकंदाला ०.८ मीटर चालत असतील, तर त्यांना दीडशे मीटरहून जास्त मोकळा रस्ता हवा. आपल्या कुठल्या रस्त्यावर सकाळी साडेनऊला एवढी मोकळीक मिळते? हे गणित मोठ्या कागदावर काढून कॉलेजच्या फाटकाशी लावा. ताशी ३० नं येणारी गाडी, चालकाला सावध व्हायला एक सेकंद धरला तर, कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ५० नं येणाऱ्या गाडीला त्याच्या दुपटीहून जास्त, २८ मीटरच्या आसपास अंतर लागतं. तुमच्या मैत्रिणीचा पाय मोडला तो या फरकात. तिनं ‘नीट बघितलं नसेल’ असं कुणी म्हणालं तर हाच कागद पुढे करा.

माणसं नेमकी कुठून ओलांडतात तेही बघा. फाटकासमोरून, की थांब्याच्या मागच्या बाजूनं, की दुभाजकाचा कठडा जिथे वाकवलाय तिथून? झेब्रा मागायचा तो तिथे. थांब्यापासून लांब झेब्रा मागितलात आणि मिळाला, तरी कुणी वापरणार नाही, आणि मग ‘यांनाच शिस्त नाही’ हे ऐकून घ्यावं लागेल. मेट्रोचे खांब असलेल्या रस्त्यावर एक जास्तीची गोष्ट तपासा. ओलांडणारा माणूस खांबाआडून बाहेर येतो तेव्हा चालकाला तो किती लांबून दिसतो? लहान मुलाच्या उंचीवर मोबाईल धरून फोटो काढलात तर पटकन समजतं.

आता मागणी नेमकी करा. नुसते पांढरे पट्टे मागू नका. सिग्नल नसलेल्या वाहत्या रस्त्यावर नुसत्या पट्ट्यांसाठी फारसं कुणी थांबत नाही, हे आपण रोज बघतो. तुमच्या वर्णनावरून मी तीन गोष्टी मागेन. रस्त्यापेक्षा उंचावलेला, सपाट माथ्याचा झेब्रा, म्हणजे चाकाला वेग कमी करावाच लागतो. दुभाजकात थांबायला पुरेशी रुंद जागा, म्हणजे एका वेळी एकाच बाजूची वाहतूक बघायची. आणि झेब्र्यावर थेट पडणारा दिवा. पुणे महानगरपालिकेचं स्वतःचं पादचारी धोरण २०१६ पासून आहे, आणि त्यात चालणाऱ्याला प्राधान्य आहे. निवेदनात त्याचा उल्लेख करा. चालकानं झेब्र्यापाशी वेग कमी करून पादचाऱ्याला वाट द्यायची, हे मोटार वाहन चालवण्याच्या २०१७ च्या नियमांतच आहे. रस्त्याच्या आखणीत, बांधणीत किंवा देखभालीत ठरलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला दंड करणारं १९८अ हे कलम २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलं. आणि विनाअडथळा पदपथ हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे अनुच्छेद २१ चा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये म्हटलंय. एवढा आधार पुरे. निवेदन दोन पानांपेक्षा मोठं करू नका.

एक सापळा आधीच सांगून ठेवतो. तुम्हाला पादचारी पूल देऊ केला जाईल. नम्रपणे नको म्हणा. खालून बस-ट्रक जायचे म्हणजे पूल साडेपाच-सहा मीटर वर जातो, म्हणजे चाळीसेक पायऱ्या चढा आणि तेवढ्याच उतरा. पाठीवर सॅक असलेला मुलगा एखाद वेळी चढेल. भाजीची पिशवी घेतलेली बाई, कुबड्यांवरची तुमची मैत्रीण, व्हीलचेअरवरचा माणूस चढणार नाही. ते खालूनच जातील, आणि मग खालून जाणं हाच त्यांचा गुन्हा ठरेल.

रस्ता कुणाच्या ताब्यात आहे तेही आधी शोधा. बहुतेक रस्ते महापालिकेच्या पथ विभागाकडे असतात, पण काही सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, काही महामार्ग प्राधिकरणाकडे. चुकीच्या दारात दिलेलं निवेदन सहा महिने फिरत राहतं. पट्टे मारणं महापालिकेचं काम, पण वाहतूक शाखेची संमती लागते, म्हणून अर्ज दोन्हीकडे द्या. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासह. तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा. त्या रस्त्यावर गेल्या पाच वर्षांत किती अपघात झाले, किती जण गेले, हे पोलिसांकडे माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा अर्ज, आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक.

आता तुम्हाला खरा रस आहे त्या भागाकडे येतो.

मला सगळ्यात जास्त भावलेला आणि कामाला आलेला प्रकार म्हणजे कापडी झेब्रा. रविवार पेठेतून मांजरपाट आणायचा. झेब्र्याचा एक पट्टा ५० सेंटिमीटर रुंद असतो, त्याच मापानं कापडावर काळे पट्टे रंगवायचे. काळ्यासाठी कापडावर बसणारा रंगच घ्या, साधा पोस्टर कलर घामानं हाताला लागतो आणि मग सगळ्यांचे कपडे खराब होतात. बुरूड आळीतून हलके बांबू आणून कापड त्यांना शिवून टाका. बांधू नका, बांधलेलं वाऱ्यानं सुटतं. मुलांनी दोन रांगांत बांबू छातीच्या उंचीवर धरायचे आणि चालायचं. असा उभा झेब्रा रस्ता ओलांडताना लांबून दिसतो, फोटोत सुंदर येतो, आणि गेला की रस्ता होता तसाच. कापड रस्त्यावर अंथरायचा मोह होईल, पण ते अजिबात करू नका. दुचाकीचं चाक कापडावरून घसरतं. रांगोळीचंही तेच. कोरड्या डांबरावर रांगोळीची भुकटी म्हणजे बारीक वाळूच. रांगोळी काढायची हौस असेल तर पदपथावर काढा, आणि झेब्रा पलीकडच्या पदपथापर्यंत ‘पोचतो’ असं दाखवायला दोन्ही बाजूंना अर्धी अर्धी काढा. मधला भाग रिकामा राहतो, आणि बघणाऱ्याला बरोबर कळतं की तिथे काय नाही.

रात्री जाऊन स्वतःच रंगानं झेब्रा मारावा असं कुणाला तरी नक्की सुचेल. मला ती ऊर्मी समजते, पण नको. मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा १९९५ चा कायदा आहे, तो भाग झालाच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे साधा ऑइलपेंट ओला झाला की गुळगुळीत होतो. रस्त्यावरचे खरे पट्टे गरम थर्मोप्लास्टिकचे असतात, त्यात चकाकण्यासाठी काचेचे बारीक मणी टाकतात. तुमच्या पट्ट्यावर भरवसा ठेवून एखादी बाई उतरली आणि चालकाला तो रात्री दिसलाच नाही, तर?

चपलांचं प्रदर्शन हा दुसरा प्रकार. त्या रस्त्यावर जितके पादचारी गेले तितके चपलांचे जोड पदपथाच्या कडेनं ओळीनं मांडायचे, टाचा रस्त्याकडे आणि बोटं घराकडे. शेजारी फक्त वर्ष लिहायचं. घोषणा नाही, ढोल नाही. हे करायचं असेल तर दोन गोष्टींत तडजोड नको. आकडा पोलिसांच्या नोंदीतलाच हवा, एकही जोड जास्त नको. आणि ज्यांचं माणूस गेलंय त्यांच्या घरी आधी जा, बसा, परवानगी घ्या. ‘नको’ म्हणाले तर नको. काही जण स्वतः चप्पल आणून देतात. ती वरच्या बाजूला धूळ न लागता ठेवायची आणि काम झालं की घरी नेऊन द्यायची. हा कार्यक्रम एकदाच करा. दर आठवड्याला केला तर त्याचं गांभीर्य जातं.

दिंडीचं रूपही आपल्या शहराला जवळचं आहे. पालख्या येतात तेव्हा हेच पुणं लाखो चालणाऱ्यांसाठी थांबतं, पाणी देतं, वाट करून देतं. टाळ, पताका, दोन-दोनच्या रांगा, पुढच्याचं पाऊल पडलं की मागच्याचं. ही शिस्त रस्ता ओलांडायला अगदी योग्य. पण अभंगांची विडंबनं करू नका. जवळच्या भजनी मंडळाला बोलवा. आलेले काका-काकू मनापासून येतात, आणि त्यांना तो रस्ता तुमच्याइतकाच जड जात असतो.

पाट्या तर पुण्यातच शिकाव्यात. वळणदार अक्षर, पूर्ण वाक्य, नेमकी सूचना, ‘कृपया’ आणि अपमान शून्य. ‘येथे रोज सकाळी माणसे रस्ता ओलांडतात. थांबल्यास आपले दहा सेकंद जातील, ते आमच्याकडून आभारासह.’ अशी पाटी बसच्या चालकालाही हसवते आणि तो थांबतो. जो थांबेल त्याला हात करून धन्यवाद म्हणा, हे विसरू नका. पीएमपीचे चालक आणि स्टँडवरचे रिक्षावाले यांना आधीच भेटून ठेवा. पहिल्या दिवशी बस थांबली की मागच्या गाड्या थांबतातच.

यमराजाचा वेश मात्र टाळा. तो सगळीकडे इतका झालाय की कुणी वळून बघत नाही. आणि तो म्हणतो, ‘तुम्ही जपा, नाहीतर मराल’. तुम्हाला सांगायचंय ते वेगळं आहे, की इथे जपूनही वाचता येत नाही. बोलिव्हियात ला पाझ शहरात २००१ पासून तरुण मुलं झेब्र्याचा पोशाख घालून चौकात उभी राहतात, नाचतात, चालकांना थांबवतात, लहान मुलांना पलीकडे नेतात. वेश हवाच असेल तर तो घ्या, त्यात भीती नाही. याचा कधी उपयोग होतो का, असं कुणी विचारलं तर नेदरलँड्सचं सांगा. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. आई-बाप आणि मुलं रस्त्यावर उतरली, सायकली आडव्या टाकून झोपली, रस्ते मुलांना खेळायला मागू लागली. आज आपण ज्या डच रस्त्यांचे फोटो बघतो ते त्या काळानंतर, वर्षानुवर्षं मागून, घडत गेले. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात ३२ हजारांहून जास्त पादचारी रस्त्यांवर गेले. हे चित्र इथेही बदलू शकतं, असा माझा विश्वास आहे, नाहीतर मी हे लिहीत बसलो नसतो.

केस होईल का, तर हे नीट समजून घ्या. शांततेनं, विनाशस्त्र एकत्र यायचा हक्क अनुच्छेद १९ मध्ये आहे, पण तो निर्बंधांसह. पुण्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात. तुमच्या तारखेला आदेश लागू आहे का ते आधी विचारा. रस्ता अडवला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ लागू शकतं, आदेश मोडला तर २२३. दंड किती हा मुद्दा गौण आहे. पासपोर्टच्या आणि नोकरीच्या पडताळणीत नोंद निघते आणि घरच्यांची झोप उडते. म्हणून स्थानिक पोलीस ठाण्याला आणि वाहतूक विभागाला किमान आठवडाभर आधी लेखी कळवा, पोच घ्या, आणि अर्जात स्वच्छ लिहा: रास्ता रोको नाही, ध्वनिक्षेपक नाही, वाहतूक अडवणार नाही, सकाळी नऊ ते नऊ वीस, वाहतूक पोलिसांच्या सूचनेप्रमाणे ओलांडू. बहुतेक वेळा एक हवालदार मदतीला पाठवतात. परवानगी नाकारली तर लेखी मागा. लेखी नकार हातात असला तर तोही फाइलला लागतो. त्या दिवशी पदपथावर पाट्या धरून उभे राहायचं का, हे वकिलाला विचारून ठरवा. नकार असताना रस्त्यात उतरू नका. अठराच्या आतल्या मुलांना रस्त्यात उतरवूच नका, ती पदपथावर राहतील.

आणि सराव करा, मैदानात, मोटरसायकली आणून. कुणी शिवी दिली तर काय करायचं? बोलायला फक्त एकच जण ठरवा, बाकीच्यांनी चालत राहायचं. कुणी मुद्दाम गाडी अंगावर घातली तर कापड सोडून मागे यायचं, ताठ उभं राहायचं नाही. रुग्णवाहिकेचा आवाज आला की एक शिट्टी, सगळे कडेला. एकेरी रस्त्यावर असाल तर उलट्या बाजूनं येणाऱ्या दुचाकींकडे बघायला दोन जण वेगळे ठेवा, धोका तिथूनच येतो. चित्रीकरण करा, पण कुणाचा चेहरा किंवा गाडीचा नंबर समाजमाध्यमांवर टाकू नका. तक्रार करायची तर थेट वाहतूक पोलिसांकडे. ज्याला आपण पाडून बोलतो तो उद्या आपल्यासाठी थांबत नाही.

वेळेचं भान ठेवा. पावसात थर्मोप्लास्टिक बसत नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मोजमाप आणि अर्ज, दसऱ्याच्या आसपास कामाचा आग्रह. महापालिकेचं नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रकही आहे. त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात ठरलेल्या मुदतीत कामं सुचवता येतात. मुदत कधी आहे ते विचारून अर्ज टाका, छोट्या झेब्र्याला तेवढा निधी बऱ्याचदा पुरतो. ११ डिसेंबरला महापालिका स्वतः पादचारी दिन पाळते, लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवते. ती तारीख निवेदनात घाला: ‘त्याआधी आमचा झेब्रा व्हावा.’

पहिल्या भेटीतच पक्कं काम मागू नका. आधी स्थळपाहणी मागा, कनिष्ठ अभियंत्यांना सकाळी नऊला बोलवा आणि त्यांच्याबरोबर ओलांडा. मग दोन आठवड्यांची चाचणी मागा: शंकू आणि बॅरिकेड लावून रस्ता थोडा अरुंद करायचा, दुभाजकात थांबायला जागा करायची. याला खर्च जवळजवळ नाही आणि नापसंत पडलं तर काढता येतं, म्हणून ‘हो’ लवकर मिळतं. चाचणी सुरू झाली की त्याच ५० मीटरवर, त्याच वेळेला, त्याच पद्धतीनं पुन्हा वेग मोजा. आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच पानावर लिहा आणि ते पान, पोच घेऊन, पथ विभागात द्या.